दोन मल्टिट्रॅक रेकॉर्डर एकदम लावले तर हलगी डबल वाजतीय, काय करू?

शिवाजीपेठी_रेकॉर्डिंग:

नमस्कार मंडळी. डोकं चालेना झालंय म्हणून इथं विचारतोय. आमच्या पेठेतल्या तालमीचा हलगी-घुमकं-कैताळाचा संच आहे, पोरं लई भारी वाजवतात. ते एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवावं आणि जमलं तर त्यावर पोवाडा चढवावा असा बेत. माझ्याकडं ८ ट्रॅकचा एसडी कार्डवाला रेकॉर्डर आहे, मित्राकडं दुसऱ्या कंपनीचा तसलाच. म्हटलं ८ आणि ८, १६ झाले, अजून काय पाहिजे. गेल्या रविवारी तालमीत दोन्ही मांडले, माझ्यात हलग्या आणि कैताळ, त्याच्यात घुमकी आणि खोलीचे दोन माईक. एक दोन साडेमाडे तीन म्हणून दोघांनी एकदम बटण दाबलं, मग वस्तादांनी मारुतीपुढं नारळ फोडला आणि पोरांनी २२ मिनिटं सलग वाजवलं, थांबायलाच तयार नव्हती.

घरी येऊन सगळ्या फायली लॅपटॉपवर रीपरमध्ये (ट्रॅक जुळवायचं, मिक्स करायचं सॉफ्टवेअर) टाकल्या. नारळाचा आवाज दोन्हीकडं आलाय तो एकावर एक बसवला. पहिली दोन-तीन मिनिटं नाद खुळा, मग हळूहळू आवाज पोकळ व्हायला लागतो, पत्र्याच्या डब्यात बसून ऐकल्यागत, आणि पुढं दहा-बारा मिनिटांनी हलगीचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतोय, ठक् च्या जागी ठटक्. शेवटी कोणीतरी दाराजवळ लोखंडी खुर्ची आपटली तिथं बघितलं तर मित्राच्या मशीनचा आवाज माझ्या मागं ४५ मिलीसेकंद. मधनं कापून सरकवून बघितलं, एका जागी जुळवलं की दुसरीकडं सुटतंय.

मित्र म्हणतो तुझी मशीन गंडलीय, मी म्हणतो त्याची. तांबड्या-पांढऱ्याची पैज लागलीय. कार्ड स्लो असल्यामुळं होतं का असं? आणि आता जे झालंय ते दुरुस्त होईल का, कारण पोरं परत एवढं मन लावून वाजवतील याची गॅरंटी नाही.


राजारामपुरी_लूप:

सॅम्पल रेट एका मशीनचा ४४.१ किलोहर्ट्झ आणि दुसरीचा ४८ नाही ना भावा? माझं झालंय तसं, अख्खी रात्र गेली होती.


शिवाजीपेठी_रेकॉर्डिंग:

नाही, दोन्ही ४४.१, २४ बिट. तीनदा बघितलं.


ऑर्केस्ट्रावाले_काका:

बाळांनो, हा प्रश्न तीस वर्षांपूर्वी सुटलाय. अलेसिस कंपनीचा डिजिटल टेप रेकॉर्डर, ॲडॅट, १९९१ मध्ये जाहीर झाला, वर्षभरानं बाजारात आला. ८ ट्रॅक, आणि टेप कुठली तर एस-व्हीएचएस, म्हणजे सिनेमाच्या कॅसेटची मोठी बहीण. ट्रॅक कमी पडले की अजून एक मशीन घ्यायची आणि नऊ पिनांच्या सिंक केबलनं पहिलीला जोडायची, अशा १६ मशिनी लावता यायच्या, १२८ ट्रॅक. एकीचं प्ले दाबलं की सगळ्या एका दमात. मी मुंबईत असताना तीन लावलेल्या जवळून बघितल्यात, रिवाइंड केलं की तिघी वेगवेगळ्या सुरात कुरकुरायच्या आणि मग एक एक करून जागेवर येऊन बसायच्या, त्याला जो वेळ लागायचा त्यात चहा व्हायचा.

तुझ्या मशिनींना मिडीचं (वाद्यं आणि मशिनी एकमेकींना निरोप पाठवतात ती वायर) भोक असेल तर मिडी टाइम कोड लाव, एक मालक आणि एक चाकर. बस्स, काम झालं.


उद्यमनगरचा_सोल्डर:

काका, मान राखून सांगतो, नुसत्या टाइम कोडनं याचं काम होणार नाही. इथंच सगळ्यांची गल्लत होते, माझीही दोन वर्षं होत होती.

सिंक म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, दोघांनी एकाच समेवर सुरवात करणं. दुसरी, त्यानंतर दोघांची लय एकच राहणं. दोन पखवाजवाले वेगवेगळ्या खोलीत बसवा, दोघांनाही एकाच वेळी खूण करा, दोघं पट्टीचे असले तरी अर्ध्या तासानं एकमेकांच्या पुढंमागं असणारच, कारण एकमेकांना ऐकतच नाहीत. टाइम कोड समेचं काम करतो, "आता आपण ३ मिनिटं १२ सेकंद ७ व्या फ्रेमवर आहोत" एवढं सांगतो. लय सांभाळतं ते क्लॉक. सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे तर प्रत्येक नमुना नेमका कधी घ्यायचा हे मशीनमधला क्वार्ट्झचा क्रिस्टल ठरवतो, आणि प्रत्येक मशीनचा क्रिस्टल आपापला.

आता कुठलेही दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. मनगटी घड्याळ महिन्यात थोडं पुढंमागं होतं ना, तेच. १० लाखात २० चा फरक म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण मिनिटाला १.२ मिलीसेकंद होतो, २० मिनिटांत २४. तुझा फरक ४५ मिलीसेकंद भागिले १३२० सेकंद, म्हणजे १० लाखात ३४. ही मशीन गंडल्याची खूण नाही, दोन्ही मशिनी ठणठणीत आहेत. कार्डाचा तर संबंधच नाही, कार्ड स्लो पडलं तर मशीन एरर देऊन थांबते, हळू रेकॉर्ड करत बसत नाही. आणि ४८ ची फाईल ४४.१ धरून वाजली असती तर २२ मिनिटांत जवळजवळ दोन मिनिटांचा फरक आला असता आणि आवाज दीड पट्टी सरकला असता, ते बहिऱ्यालाही कळतं.

पत्र्याच्या डब्याचं कारण वेगळं आहे पण त्याच झाडाचं फळ. हलगी तुझ्या माईकमध्येही आहे आणि मित्राच्या खोलीच्या माईकमध्येही. तोच आवाज १ मिलीसेकंदानं मागं पडून स्वतःत मिसळला की ५०० हर्ट्झ मरतं, १५०० मरतं, २५०० मरतं, असं कंगव्याच्या दातांसारखं. फरक वाढत गेला की ते दात खाली सरकत येतात, म्हणून तो घुमता पोकळ आवाज. गिटारवाली पोरं फ्लँजर म्हणून पैसे देऊन पेडल घेतात ते हेच, तुला फुकट मिळालंय.

मिडी टाइम कोडचं सांगायचं तर तो एका फ्रेमला चार निरोप पाठवतो. २५ फ्रेम धरल्या तर सेकंदाला १००, म्हणजे दर १० मिलीसेकंदांनी एक, आणि पूर्ण वेळ सांगायला असले ८ निरोप लागतात. काही मशिनी त्याच्यावरनं आपला वेग सतत जुळवत राहतात, काही नुसत्या जागेवर येऊन सुरू होतात आणि पुढं आपल्याच क्रिस्टलवर पळतात. दुसऱ्या जातीची असली तर तुझा प्रश्न आहे तिथंच. ॲडॅटच्या त्या नऊ पिनांत जागा आणि क्लॉक दोन्ही जायचं, म्हणून काकांच्या तिघी मशिनी एकत्र नांदल्या.

खरा इलाज क्लॉकची वायर. मशीनला वर्ड क्लॉकचं (नुसते क्लॉकचे ठोके देणारं-घेणारं) बीएनसी सॉकेट असेल, नाहीतर एसपीडीआयएफ डिजिटल इन (आवाज आणि क्लॉक एकाच वायरीतनं) असेल, तर एकीचं आऊट दुसरीच्या इनमध्ये आणि दुसरीच्या मेनूत क्लॉक सोर्स इंटर्नलवरनं एक्स्टर्नल किंवा डिजिटल करायचा. हे शेवटचं लोक विसरतात, वायर लावतात आणि मेनू तसाच. केबल ७५ ओमची पाहिजे. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही, सीसीटीव्हीवाल्याकडं आरजी-५९ मिळते तीच ७५ ओमची, बीएनसी लावून पण देतो तो. आरजी-५८ दिली तर परत करा, ती ५० ओमची, वायरलेसवाल्यांची.

तुझ्या मशिनींना मागं काय काय सॉकेट आहेत ते सांग.


शिवाजीपेठी_रेकॉर्डिंग:

बापरे, एवढं कोणी कधी सांगितलं नव्हतं. मागं बघितलं, माझ्याला आठ इनपुट, हेडफोन, लाइन आऊट, यूएसबी. मित्राच्याला पण तेवढंच. मिडी नाही, बीएनसी नाही, डिजिटल काहीच नाही. म्हणजे संपलं?


राजारामपुरी_लूप:

संपलं कशाला, झालेलं रेकॉर्डिंग सरळ करता येतंय की. फरक एकसारखा वाढत गेलाय ना, मग मित्राच्या सगळ्या ट्रॅकचा वेग तेवढ्याच प्रमाणात बदलायचा. आणि पैज तू जिंकलास, मित्राचा आवाज मागं पडतोय म्हणजे त्याचं घड्याळ स्लो.


उद्यमनगरचा_सोल्डर:

उलटं आहे लूप. त्याचं घड्याळ जोरात आहे. जोरात पळणाऱ्या घड्याळानं त्याच २२ मिनिटांत जास्त नमुने गोळा केले, आता रीपर ते ठरलेल्या वेगानं वाजवतंय म्हणून फाईल लांबते आणि आवाज मागं पडतो. आणि तसंही कोणाचं बरोबर हे यातनं कळतच नाही, एवढंच कळतं की दोघांचं पटत नाही. पैजेचं बिल निम्मं निम्मं करा.

वेग बदलायचं मात्र लूपनं बरोबर सांगितलं. असं कर. मित्राच्या मशीनचे सगळे ट्रॅक एकत्र निवड, नारळाच्या आधीचा भाग कापून टाक म्हणजे क्लिपची सुरवात नेमकी नारळावर येईल. मग एफ२ दाबून प्लेबॅक रेट १ च्या जागी १.०००३४ नाही, १.००००३४, शून्यं मोजून टाक, चार शून्यं. आणि त्याच खिडकीत प्रिझर्व्ह पिच म्हणून जी टिक असते ती काढून टाक. हे महत्त्वाचं. ती टिक असली की सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे करून परत चिकटवतं, आणि हलगीसारख्या टोकदार ठोक्याची त्यात पार भाकरी होते. टिक काढली की जुन्या टेपचा वेग वाढवल्यासारखं होतं, सूर किंचित वर जातो, पण किती तर एका पट्टीचे १०० भाग केले तर त्यातल्या एका भागाचाही सोळावा-सतरावा हिस्सा. देवल क्लबात बसणाऱ्या कानालाही कळणार नाही.


गंगावेशीतला_बेस:

दोन मशिनींचा नाद सोड की. एक ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचा डबा) घे ज्याला ॲडॅट ऑप्टिकल इन आहे, फोकसराइटच्या १८आय२० ला आहे, आणि त्याला बेहरिंगरचा एडीए८२०० किंवा तसला आठ माईकचा प्रीॲम्प जोड. एका ऑप्टिकल वायरीत ८ ट्रॅक येतात ४४.१ किंवा ४८ ला (९६ ला चारच येतात), क्लॉक त्याच वायरीतनं जातंय, एकाला मालक कर, दुसऱ्याचा क्लॉक सोर्स ॲडॅट ठेव, आयुष्यभर फरक पडणार नाही. आणि वायरीतनं वीज नाही, उजेड जातो त्यामुळं अर्थिंगची घुंsss पण नाही येत. काकांची टेप मेली पण तिची वायर अजून जिवंत आहे बघा.


शिवाजीपेठी_रेकॉर्डिंग:

बेसभावा पटतंय पण त्याला लॅपटॉप तालमीत न्यावा लागणार, आणि तिथं लाल माती आहे. आखाड्यात पोरं नुसती चालली तरी धुरळा उठतोय, रेकॉर्डरच झाकून न्यावे लागतात. आणि पैशाचं तर बोलूच नका सध्या.

सोल्डरनी सांगितल्यासारखं केलं. लई फरक पडला! नारळ नारळावर, खुर्ची खुर्चीवर बसली. पण... अजून एक त्रांगडं आहे. मधला भाग एकदम झकास, साधारण आठ-दहा मिनिटांच्या आसपास कुठंच काही कळत नाही. सुरवातीला मात्र थोडं पोकळ आहे आणि शेवटी परत थोडं. आणि झूम करून बघितलं तर सुरवातीला मित्राचे ट्रॅक माझ्या थोडे पुढं आहेत, शेवटी थोडे मागं. नारळ आणि खुर्ची तर तंतोतंत जुळलेत मग हे कुठनं आलं? क्रिस्टल मध्येच बदलला का?


उद्यमनगरचा_सोल्डर:

गरम झाल्यावर क्रिस्टल थोडा बदलतो खरा, म्हणून मशिनी आधी अर्धा तास चालू ठेवाव्यात, पण एवढा नाही बदलत. विचार करतो.


टेपवाला_सर्व्हेअर:

मी संगीतातला नाही, बांधकामाची मापं घेणं हा धंदा, भजनात टाळ धरतो म्हणून हे सगळं वाचत असतो. पण मला वाटतं इथं घड्याळाचा नाही, अंतराचा घोळ आहे. मला तीन गोष्टी सांगा. नारळ कुठं फोडला, खुर्ची कुठं आपटली, आणि आवाज जुळवताना दोन्ही मशीनचे कुठले माईक बघितले. फुटात किंवा मीटरमध्ये, अंदाजे नको, टेप लावून.


शिवाजीपेठी_रेकॉर्डिंग:

काका आज तालमीत जाऊन टेप लावली, पोरं हसत होती. नारळ मारुतीपुढच्या दगडावर फोडला. तिथनं माझा कैताळाचा माईक २ मीटर, मित्राचा खोलीचा माईक ५ मीटर. खुर्ची दाराजवळ, तिथनं माझा तोच माईक ६ मीटर आणि मित्राचा तो २ मीटर. याच दोन माईकवर जुळवलं होतं.


टेपवाला_सर्व्हेअर:

मग सापडलं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास २.९ मिलीसेकंद.

नारळ फुटला तेव्हा तुमच्या माईकपर्यंत आवाज २ मीटर चालला आणि मित्राच्या माईकपर्यंत ५ मीटर. तिथं तो खरोखरच ८.७ मिलीसेकंद उशिरा पोचायला पाहिजे होता. तुम्ही तो ओढून एकावर एक बसवला, म्हणजे मित्राचा अख्खा ट्रॅक ८.७ नं पुढं ओढला गेला. खुर्चीचं उलटं. तिचा आवाज मित्राच्या माईकला ४ मीटर आधी पोचतो, म्हणजे ११.७ मिलीसेकंद लवकर. तरीसुद्धा तुम्हाला तो ४५ नं मागं दिसला. मग घड्याळांचा खरा फरक किती? ४५ अधिक ८.७ अधिक ११.७, एकूण ६५.४ मिलीसेकंद. तुम्ही ४५ चाच इलाज केला, २० चा राहिला, म्हणून सुरवातीला पुढं, शेवटी मागं आणि मध्ये कुठंतरी बरोबर. आकडा अगदी बसतोय बघा, पुढंपण ८.७ आणि मागंपण ११.७, तुम्ही सांगितलेली बरोबर जागाही साधारण तिथंच येते, साडेनऊ मिनिटांवर.

६५.४ मिलीसेकंद भागिले १३२० सेकंद म्हणजे १० लाखात ४९.५. रेट १.००००५ धरा, आणि मित्राचे सगळे ट्रॅक मिळून ८.७ मिलीसेकंद उशिरा सरकवा. नारळ जुळलेला दिसणार नाही, दिसायला नकोच.

मोजणीत आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, साखळी कुठनं धरली ते लिहून ठेवा.


उद्यमनगरचा_सोल्डर:

सर्व्हेअरकाका, दंडवत. मी नुसता क्रिस्टल क्रिस्टल करत बसलो.


राजारामपुरी_लूप:

टाळ धरणाऱ्यानं सगळ्या स्टुडिओवाल्यांची विकेट काढली 😂


शिवाजीपेठी_रेकॉर्डिंग:

बसलं!!! १.००००५ आणि ८.७ मिलीसेकंद. सुरवातीपासून शेवटपर्यंत ठोका एक. घुमकं खाली असं भरून येतंय की घरातली भांडी वाजायला लागली, आई येऊन विचारून गेली काय चाललंय.

आता पुढचं विचारून घेतो. एक, पुढच्या वेळी हे मोजमापाचं लफडं टाळायला काय करू, मशिनी त्याच असणार. दोन, यावर पोवाडा गायचाय, शाहीर घरी येणार आहेत, लॅपटॉपचा पंखा लई बोंबलतो म्हणून रेकॉर्डरवरच गाऊन घ्यायचंय. तेव्हा परत हेच होणार का, परत नारळ?


उद्यमनगरचा_सोल्डर:

पहिल्याचं उत्तर सोपं. दोन्ही मशीनमध्ये एक ट्रॅक सारखा ठेव. तुझ्या मशीनच्या लाइन आऊटमधनं एक वायर काढ आणि मित्राच्या आठव्या इनपुटला लाव, त्यात तुझी हलगी जाऊ दे. आवाज तारेतनं जाणार, हवेतनं नाही, मग मीटर मोजायची भानगडच नाही. नंतर तुझ्या बाजूला तोच हलगीचा ट्रॅक आणि मित्राच्या बाजूला आठवा ट्रॅक एकावर एक ठेवून एकाचा फेज उलटा कर (लाट उलटी, म्हणजे सारखे आवाज एकमेकांना खातात), आवाज सगळ्यात बारीक होईल तिथं जुळलं समज. सुरवातीला एकदा, शेवटी एकदा, आणि मध्ये एकदा खात्रीला. मित्राचा एक ट्रॅक त्यात जातो, पण १५ ट्रॅक जुळलेले हे १६ न जुळलेल्यांपेक्षा बरे. दोन्ही ॲडॉप्टरवर असले की त्या वायरीतनं घुंsss येऊ शकते, तसं झालं तर एक मशीन बॅटरीवर चालव.

यूएसबीचंही कोणीतरी विचारणारच म्हणून सांगतो, काही मॉडेल एकमेकांना यूएसबीनं जोडता येतात, झूमचे दोन आर१६ जोडून १६ ट्रॅक एकदम घेता येतात. पण ती जोडणी दोघांना एकदम रेकॉर्डला लावायची, नमुन्याला नमुना जुळेलच असं धरून चालू नका. आणि तुमच्या दोन वेगवेगळ्या कंपनीच्या मशिनी, त्यांचं तर सोडाच.

पोवाड्याला मात्र काहीच करायचं नाही. फरक फक्त दोन मशिनी एकाच वेळी आपापल्या घड्याळावर रेकॉर्ड करतात तेव्हा पडतो. तू रीपरमधनं हलगीचं दोन ट्रॅकचं कच्चं मिक्स काढ, वेव्ह फाईल म्हणून, ती कार्डावर कॉपी करून एका मशीनमध्ये घाल. शाहीर ती ऐकत त्याच मशीनवर गातील. आता त्या मशीनचं घड्याळ वेडंवाकडं का असेना, ज्या घड्याळानं हलगी वाजतीय त्याच घड्याळानं गाणं रेकॉर्ड होतंय. परत रीपरमध्ये आणलं की फाईलीत नमुन्याला नमुना बसतो. फक्त फाईल कॉपी करायची हां, एकीच्या हेडफोनमधनं दुसरीत वाजवून रेकॉर्ड करू नकोस, तसं केलंस की परत दोन घड्याळं आली.


ऑर्केस्ट्रावाले_काका:

शाहिरांना हेडफोनमध्ये हलगी जास्त दे, घुमकं कमी. नाहीतर खालचा आवाज कानात भरला की सूर उतरतो. आणि हलगी परत वाजवून घ्यायची वेळ आली तर पावसाळ्यात घेऊ नका, दर दहा मिनिटांनी शेकोटीवर तापवायला लागेल आणि दर वेळी आवाज वेगळा येईल, मग कुठल्या टेकला कुठला टेक जोडणार.


गंगावेशीतला_बेस:

मला एक कळलं नाही, शेवटी खुर्ची कोणी आपटली म्हणून हे सगळं सुटलं, आपटलीच नसती तर?


टेपवाला_सर्व्हेअर:

तर हलगीचा शेवटचा ठोका धरायचा. पण वाजवणारा जागचा हलला असेल तर परत अंतर आलं, आणि हलगीवाला एका जागी उभा राहिलेला मी तरी बघितला नाही. न हलणारी वस्तू पाहिजे. सुरवातीला आणि शेवटी एकाच जागी, एकाच प्रकारचा आवाज. अंतराची चूक दोन्हीकडं सारखीच येते, मग घड्याळांचा फरक काढताना ती आपोआप उडून जाते.


शिवाजीपेठी_रेकॉर्डिंग:

हे वाचून लगेच वस्तादांना फोन लावला, म्हटलं पुढच्या वेळी सुरवातीला एक आणि वाजवून झालं की त्याच दगडावर अजून एक नारळ फोडू. तर मला शिव्या पडल्या. नारळ काम सुरू करताना फोडतात, संपल्यावर फोडायला कोण वारलंय का म्हणाले. शेवटी ठरलंय असं, नारळ त्यांचा ते फोडतील, आम्ही त्याच्यानंतर आणि अगदी शेवटी मारुतीच्या दगडापाशी दोन लाकडी फळ्या आपटायच्या.

आणि पैजेचं बिल निम्मं निम्मं झालं. मित्र अजून म्हणतोय माझ्या मशीनमुळंच झालं.